पीबीओच्या धाग्यात अडकलेलं आम्ल

अरे, पीबीओ या मजबूत कृत्रिम पॉलिमरचा सोनेरी धागा हाती आला की लगेच ओढून ताकद मोजू नकोस. आधी त्यातला फॉस्फरस मोज. हा धागा पॉलिफॉस्फोरिक आम्लातून काततात, आणि धुतल्यावरही थोडं आम्ल आत उरतंच. ओलावा लागला की त्यामुळे धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या तुटायला लागतात. याच धाग्याच्या, म्हणजे झायलॉनच्या, बुलेटप्रूफ जाकिटांची मान्यता अमेरिकेत 2005 साली गेली. पोलिसाच्या छातीवरची गोष्ट आहे ही!

हे उरलेलं आम्ल काढायला कार्बन डायऑक्साइड वापर. 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार दाबाच्या वर तो बारीक फटींतही शिरतो, पण आम्ल काढायला तो एकटा पुरत नाही. जोडीला थोडं पाणी किंवा इथेनॉल दे. दाब सोडताना झडप अगदी हळू फिरव. आणि प्रक्रियेआधीचा एक तुकडा काळ्या कागदात गुंडाळून ठेव. उजेडानंही हा धागा खचतो, मग तुलना कशाशी करशील?