सीपीयू निवांत, तरी सर्व्हर का रेंगाळते?

प्रश्न : भाऊ, आमच्या महाल भागातल्या ऑफिसात बिलिंगचा लिनक्स सर्व्हर आहे, रोज चार वाजले की रेंगाळून राहिला. सीपीयू निवांत दिसते. डीडी (डेटा कॉपी करणारी) कमांडने १ जीबीची फाईल लिहून पाहिली तर स्पीड एकदम भन्नाट आला, मग अडून कुठे राहिलं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तो स्पीड बहुतेक रॅमचा आहे, डिस्कचा नाही. लिनक्स आधी पेज कॅशमधे, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेत लिहिते अन् डिस्कवर मागून उतरवते, म्हणून डीडीवर विसंबू नका. सिसस्टॅट पॅकेज टाका अन् ऐन चार वाजता त्यातली आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) एक्स ऑप्शन लावून दर सेकंदाला चालवा, पहिला रिपोर्ट सोडून द्या कारण तो सर्व्हर चालू झाल्यापासूनचा अ‍ॅव्हरेज असते. पाहायचं ते अवेट, म्हणजे एका रिक्वेस्टला रांगेसकट किती मिलीसेकंद लागले. कळमन्याच्या मार्केटात संत्र्याची गाडी गेटवर किती वेळ उभी राहिली अन् खाली व्हायला किती लागला, दोन्ही मिळून, तसंच हे. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) हार्डडिस्कला अर्ध्या फेरीलाच सरासरी ४ मिलीसेकंद लागतात, त्यामुळे १०-१५ चालते, पण सारखं १०० च्या वर दिसलं तर रांग लागली समजा. युटिल, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती तो आकडा, १०० टक्के दिसलं म्हणून एसएसडी बदलायला धावू नका, ती एकाच वेळी बऱ्याच रिक्वेस्ट घेते, तिथे हा आकडा फसवते.

डिस्कची खरी ताकद मोजायला एफआयओ नावाचं टूल वापरा, डायरेक्ट १ ठेवून, म्हणजे पेज कॅश टाळून. फक्त टेस्ट फाईलवरच चालवा, थेट डिव्हाइसवर रायटिंग टेस्ट लावली तर सगळा डेटा जाते.