ॲप पाच तास म्हणतं. कातळधारेवरच्या ट्रेकला खरा वेळ किती धरायचा?

तुमचे आकडे आधी मांडतो. १४ किलोमीटरची वर्तुळाकार वाट, १२०० मीटर चढाई, मध्ये २ किलोमीटरची कातळधार (डोंगराची अरुंद, खडकाळ कड), तिच्यावर हात लावून चढायचे तीन टप्पे, आणि चौघांपैकी दोघं नवखे. मी नऊ तास धरीन.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशोब आजही चालतो: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर ४ तास ४८ मिनिटं येतात, म्हणजे जवळपास ॲपचाच आकडा. यात विश्रांती धरलेली नाही, तीव्र उतार धरलेला नाही आणि कातळ तर नाहीच.

आता भर घाला. तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं, म्हणजे ४०. धारेवर ताशी दीड किलोमीटरचा वेग धरला तर आणखी तासभर. मग ते तीन टप्पे. वर चढणाऱ्याच्या पायाखालचा दगड कधीही सुटू शकतो, म्हणून तो वर पोचून बाजूला होईपर्यंत खालच्याने चढायचं नाही आणि त्याच्या रेषेत उभंही राहायचं नाही. माणशी सहा मिनिटं धरली तरी चौघांना २४, तीन टप्पे मिळून सव्वा तास. कितीही चपळ असलात तरी हे थांबणं टळत नाही, त्यामुळे आठ-दहा जणांचा गट अशा धारेवर नेऊच नये. इथवर साडेसात तास झाले. तासाला दहा मिनिटं विश्रांती धरली की नऊला टेकतात.

सूर्यास्त साडेसहाला असेल तर सकाळी साडेसहाला चालायला लागा. धारेचा पायथा साडेनऊ, धार संपेल एक वाजता, खाली साडेतीन. आणि परत फिरायची वेळ माथ्याची न ठरवता धारेच्या पायथ्याची ठरवा: साडेदहापर्यंत तिथे चौघंही पोचले नाहीत तर धार सोडून आल्या वाटेने खाली. अर्धी धार ओलांडल्यावर मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच लांब पडतं, कातळ उतरावा लागतो तो वेगळाच. हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून ठरवा. वर पोचल्यावर 'इथवर आलोच आहोत' ही भावना फार ओढते.

वाटेची दिशाही त्यासाठीच महत्त्वाची. अवघड टप्पे चढायला येतील आणि सोपी सोंड उतरायला, असंच वर्तुळ आखा. उतरताना पाय ठेवायची खाच दिसत नाही, दिसते ती खालची दरी. नवख्यांना प्रत्येक टप्प्याच्या तळाशी दोन मीटर चढवून परत उतरवून बघा. जे उतरता येत नाही ते चढायचं नाही. दृष्टिभयाने, म्हणजे खालची खोली बघून वाटणाऱ्या भीतीने, एखादा गोठला तर त्याला समजावत वर घेऊ नका. तिथूनच मागे फिरा.

नकाशावर फार विसंबू नका. १:५०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर २० मीटर उंचीला एक अशा असतील आणि त्यांच्यात एक मिलिमीटर अंतर असेल, तर उतार साधारण २२ अंशांचा. अर्धा मिलिमीटर असेल तर ३९ च्या आसपास, तिथे हात लागणारच. पण १५ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपू शकतो. उपग्रहाचं चित्र वरून घेतलेलं, त्यात उभा कातळ चपटा दिसतो. धारेचा समोरच्या डोंगरावरून काढलेला फोटो मिळवा. कुणाचं वर्णन वाचलंत तर ते कोरड्या कातळाचं की ओल्या, चढतानाचं की उतरतानाचं, एवढं बघाच. शेवाळलेला ओला टप्पा म्हणजे वेगळीच वाट समजा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर मी धार रद्दच करीन.

वीज चमकून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून खाली या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढू नका.

पाणी तासाला अर्धा लिटर, म्हणजे माणशी साडेचार. एवढं वजन पाठीवर घेऊन कातळावर तोल जातो, म्हणून धारेच्या पायथ्याजवळचा झरा नकाशावर हेरून, त्या दिवसांत तो वाहतो याची खात्री करून तिथे भरून घ्या. काठ्या सॅकच्या आत. बाहेर अडकवलेल्या कातळात अडतात. प्रत्येकाला हेल्मेट आणि हेडलॅम्प. दोर मात्र चौघांपैकी कुणाला पक्का अँकर (दोर अडकवायचा भक्कम आधार) लावून बिले देता (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळता) येत असेल तरच न्या. अँकर न लावता एकमेकांना बांधून चढलात, तर एकाचा पाय घसरला की चौघंही जातात.

घरी एका माणसाकडे वाटेचा नकाशा ठेवा आणि त्याला नेमकी वेळ सांगा: रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. वर अडकलात तर आंतरराष्ट्रीय खूण अशी: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. मिनिटात तीन वेळा उत्तर आलं की तुम्हाला कुणीतरी ऐकलंय.