सौरज्वालेतले चुंबकीय क्षेत्र कसे मोजतात?

प्रश्न : सूर्यडागांचे चुंबकीय क्षेत्र १९०८ पासून मोजतात. मग ज्वाला भडकते त्या वेळी वरच्या कोरोनातले, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातले, क्षेत्र त्याच पद्धतीने का मोजत नाहीत?

उत्तर : अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी डागांसाठी झीमन परिणाम वापरला. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटरेषा फाटते. किती फाटली त्यावरून क्षेत्र कळते. कोरोनात हेच अडते. लोखंडाची १०७४.७ नॅनोमीटरची रेषा घ्या. सुमारे १६ लाख अंशांच्या उष्णतेत अणूंच्या धावपळीने ती ०.१३ नॅनोमीटर रुंद होते, तर १० गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र तिला फाडते जेमतेम ०.००००८ नॅनोमीटर! ध्रुवीकरणातून, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेवरून, हा फरक काढता येतो, पण त्यासाठी बराच वेळ प्रकाश साठवावा लागतो. ज्वाला काही सेकंदांत रूप बदलते.

म्हणून रेडिओ. ज्वालेत वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात : १ गॉसला सेकंदाला २८ लाख, ३०० गॉसला ८४ कोटी. वेगवान इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन याच्या दहापट आणि त्याहूनही वरच्या फ्रिक्वेन्सींवर पसरते, म्हणजे थेट मायक्रोवेव्हमध्ये.

कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीतल्या २.१ मीटरच्या १३ रेडिओ तबकड्यांनी १० सप्टेंबर २०१७ ची एक्स ८.२ (एक्स हा सर्वात तीव्र वर्ग) ज्वाला अशीच टिपली. ती सूर्याच्या पश्चिम कडेवर होती, त्यामुळे चुंबकीय कमानी बाजूने दिसल्या आणि कोणत्या उंचीवर काय घडते ते वेगळे करता आले. प्रत्येक फ्रिक्वेन्सीची प्रतिमा घ्यायची आणि एकेका बिंदूची तीव्रता फ्रिक्वेन्सीनुसार मांडून आलेख काढायचा. डावीकडे चढण, मध्ये शिखर, उजवीकडे उतार. उतारावरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कशी वाटली गेली आहे ते कळते. शिखराची जागा क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांची संख्या या दोन्हींवर ठरते, म्हणून पूर्ण आलेखच गणिती प्रारूपाशी जुळवावा लागतो. निष्कर्ष मोलाचा होता : सुमारे दोन मिनिटे क्षेत्र सेकंदाला ५ गॉसने घटत होते. ज्वालेची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते, त्याचा हा थेट पुरावा.

चूक होते ती बहुधा आलेखाच्या डाव्या बाजूला, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सींवर. ३ गिगाहर्ट्झची प्रतिमा ९ गिगाहर्ट्झच्या प्रतिमेपेक्षा तिप्पट पुसट असते. शेजारच्या भागाचा प्रकाश बिंदूत मिसळतो आणि चढण खोटी दिसते. तो भाग जुळणीत धरताना फार जपून राहावे लागते.

प्रश्न : नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला हे जमेल का?

उत्तर : नाही. तिची मर्यादा सुमारे १.४५ गिगाहर्ट्झ, आणि मोठ्या ज्वालांचे शिखर बहुतेकदा त्याच्या कितीतरी वर, ५ ते १० गिगाहर्ट्झच्या आसपास असते. तिला फक्त चढणीचा पायथा दिसेल, आणि तेवढ्यावरून क्षेत्र ठरत नाही. कमी फ्रिक्वेन्सीच्या सौर रेडिओ स्फोटांसाठी मात्र ती उत्तम आहे.