पुण्यात राहून ‘शहर आणि ग्रामीण जीवन’ असा फोटो-प्रोजेक्ट करायचाय. फरक ठळक दिसावा यासाठी कुठे जाऊ आणि कोणती लेन्स घेऊ?

लेन्सचं खाली सांगतो. आधी ‘फरक ठळक दिसावा’ याचं बघू, कारण हे तीन शब्द वाचले आणि हातातला चहा बाजूला ठेवून मी टाइप करायला बसलो.

तू लिहिलंयस की दुसऱ्या वर्षाला आहेस, डाव्या भिंतीवर शहराचे दहा आणि उजव्या भिंतीवर गावाचे दहा फोटो लावायचेत, शहराचे झालेत, गावाचे राहिलेत. (एकेरी बोलतोय, राग मानू नकोस.) हाच प्रोजेक्ट मला २००८ साली होता. दहा-दहाच. विषयाचा कागदसुद्धा बदललेला दिसत नाही.

माझेही शहराचे आधी झाले होते. लक्ष्मी रोडची गर्दी, मंडईचा मनोरा, स्वारगेटला दारात लोंबकळणारी माणसं घेऊन निघालेली पीएमटीची बस. (पीएमटीची पीएमपी होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. आम्ही अजून पीएमटीच म्हणतो.) गावाचे राहिले म्हणून जुलैतल्या एका शुक्रवारी पौडच्या पुढे जाणाऱ्या एसटीत बसलो आणि खाचरं दिसायला लागली तिथे उतरलो. ओळखपाळख कुणाची नाही. निकॉन डी४०, ६ मेगापिक्सेल, सोबत आलेली १८-५५ लेन्स, कॅमेऱ्यावर भेळेची प्लास्टिक पिशवी.

एका खाचरात भाताची लावणी चालली होती. पाच-सहा बायका वाकलेल्या, बांधावर रोपांच्या मुठी. त्यातल्या टोकाच्या बाईंनी मान वर करून विचारलं, “कुठलं म्हणायचं तुम्ही?”

“पुण्याचा. कोथरूड.”

“कोथरूडला कुठं?”

मी खोलीचा पत्ता सांगितला. त्या सरळ उभ्या राहिल्या. “म्हंजी डहाणूकरच्या अलीकडं. तिथनं तर मी रोज जाते की. चार घरची कामं हायेत माझी.”

राहायला सुतारदऱ्यात. नवरा रंगकाम करणारा, तो पुण्यातच थांबलेला. सासरचं दीड एकर भात, त्याच्या लावणीला या आठ दिवसांची रजा काढून आलेल्या, मंगळवारी परत. म्हणजे मी ज्या ‘ग्रामीण स्त्री’च्या शोधात एसटीने धक्के खात आलो होतो, ती माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर राहत होती. मी आपलं “अरे वा” म्हटलं आणि फोटो काढायला लागलो. डोक्यात काहीही शिरलं नाही.

अंगावर निळ्या ताडपत्रीची खोळ, कमरेला खोचलेली साडी, आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल. मध्येच तो वाजला. त्यांनी उजव्या हाताचा चिखल साडीला पुसला, डाव्या हातात रोपांची मूठ तशीच, आणि पिशवीसकट फोन कानाला लावून म्हणाल्या, “व्हय वैनी, मंगळवारी नक्की. अहो पाऊस हाय हितं.” गुडघाभर चिखल, मागे ढगात गेलेला डोंगर. मी सहा फ्रेम काढल्या. का काढल्या ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शनिवारी सरांना दाखवले. सरांचं नाव घेत नाही, चांगले शिकवायचे, डार्करूम त्यांच्यामुळेच कळली. त्यांनी लॅपटॉपवर भराभर फोटो सरकवले आणि त्या फोनवाल्या फ्रेमवर थांबून म्हणाले, “हे काय आहे? गाव आहे का शहर? बघणारा गोंधळेल. प्लास्टिक काढ. त्या लोकांकडे इरली असतात, ती वापर. चेहऱ्यावर कष्ट दिसू देत.”

मी रविवारी परत गेलो.

इरलं म्हणजे काय हे तुला माहीत नसेल तर तो तुझा दोष नाही. बांबूच्या काड्या आणि पानांचं, पाठीवर घ्यायचं पावसाचं टोपडं. तोपर्यंत ते वापरणं त्या गावात बंदच झालं होतं. पण त्या फोनवाल्या मावशींच्या घरात माळ्यावर सासूबाईंचं एक पडलेलं होतं. जळमटं लागलेलं, एका बाजूने उंदरांनी कुरतडलेलं. मी मागितलं. त्या हसत सुटल्या, “आता कुठं कोण घालतंय इरलं!” पण पोरगा लांबून आलाय म्हणून झटकून घातलं. मी त्यांना मोबाइल बांधावर ठेवायला सांगितला. खोळ काढायला सांगितली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना हसू आवरत नव्हतं तेव्हा म्हणालो, “मावशी, हसू नका ना. जरा दमल्यासारखं करा.” इरलं गळत होतं. अर्धा तास त्या भिजल्या. शेवटी खरंच दमल्यासारख्या दिसल्या तेव्हा मी क्लिक केलं.

तो फोटो बालगंधर्वच्या कलादालनात आमच्या प्रदर्शनात लागला. ब्लॅक अँड व्हाइट, १६ बाय २० इंच, नाव ‘कष्ट’. पहिलं बक्षीस. परीक्षक म्हणाले, ग्रामीण महाराष्ट्राचा आत्मा. मी सरांना हळूच म्हणालो की या बाई कोथरूडमध्ये राहतात, निदान फोटोखाली तसं लिहू या का? सर म्हणाले, “फोटो बोलतो. तू बोलू नकोस.”

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला इतकी वर्षं सलतंय, म्हणून हे लांबलेलं उत्तर.

आता तुझा प्रश्न. फरक दाखवायचाच असेल तर बैलगाडी विरुद्ध मॉल, चूल विरुद्ध पिझ्झा, धोतर विरुद्ध जीन्स हे तुला कुठेही मिळेल आणि मार्कही मिळतील. पण ते फोटो तू न जाताही डोक्यात तयार आहेत. पुण्यासारख्या गावात (हो, गावच) शहर कुठे संपतं हे महापालिकेलाही नीट ठरवता आलेलं नाही. २०१७ मध्ये ११ गावं आत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढली. मग मांजरी बुद्रुकचा, सूस-म्हाळुंगेचा, वाघोलीचा फोटो तू कुठल्या भिंतीवर लावणार? गोठ्याच्या मागे पंधरा मजली टॉवर आहे, टॉवरमधल्या माणसाला दूध त्याच गोठ्यातून जातं, आणि गोठेवाल्याचा पोरगा त्याच टॉवरच्या गेटवर रात्रपाळी करतो. त्या पोराच्या मागे एक आठवडा लाग. तुझे वीसच्या वीस फोटो त्यात आहेत.

किंवा गुलटेकडीला मार्केट यार्डात जा, पण मध्यरात्रीनंतर. मुलं सकाळी नऊला जातात आणि हमालांचे, तोलाईचे फोटो काढून ‘शहरी बाजार’ म्हणून लावतात. भाजी घेऊन आलेला शेतकरी तोवर पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी) खिशात घालून टेम्पोत झोपलेला असतो किंवा निघून गेलेला असतो. रात्री तो पोत्यांवर बसून भावाची वाट बघतो, ते बघ.

पालखीला जाणार असशील तर दिवेघाटात वर टेलिफोटो लावून उभा राहू नकोस. तिथे तुझा अख्खा वर्ग असेल आणि सगळ्यांच्या कार्डात तेच नागमोडी वळण असेल. त्यापेक्षा दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत फिर. शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर वाळणारी धोतरं, फुकट दाढी करून देणारे न्हावी, चपला शिवून देणारे, एका एक्स्टेंशन बोर्डाला लागलेले दहा-बारा मोबाइल. पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गावाकडचे नातेवाईक उतरलेले असतात, आणि त्या दोन दिवसांत कोण शहरातलं नि कोण गावातलं हे घरातल्यांनाही सांगता येत नाही.

आणि मी गेलो होतो त्या मुळशीलाच जायचं असेल तर एक लक्षात ठेव. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली जाऊन वीज होतं आणि ती वीज मुंबईला जाते. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्यांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे, काचेच्या इमारती आणि मॉलवाला. एक फोटो धरणाच्या काठाचा, एक त्या रस्त्याच्या पाटीचा, शेजारी शेजारी. हे मी कधी केलं नाही. तू कर, फुकट देतो.

सुधारक ओलवे यांचे फोटो शोधून बघ. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एकदा जाऊन क्लिक करणं आणि त्याच माणसांकडे परत परत जाणं यात काय अंतर आहे ते मी लिहून कळणार नाही, तिथे दिसेल.

हां, लेन्स. १८-५५ आहे ना? पुरे. घ्यायचीच असेल तर ३५ एमएम एफ १.८ घे, ५० नको. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे साध्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरवर) ५० ची जवळजवळ ७५ होते, सगळं जास्तच जवळ दिसतं आणि मंडईत मागे सरकायला जाशील तर भाजीवालीच्या टोपलीत पाय पडेल. मी हौसेने सेकंडहँड ५० घेतली होती, जुन्या पद्धतीची, स्वतःची मोटर नसलेली. डी४० मध्येही फोकसची मोटर नाही हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिनाभर हाताने फोकस करत बसलो. खाचरात कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नकोस. पाण्यात आभाळ पडतं, कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, आणि चेहरे काळे येतात. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप चढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वारकऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांनाही तेच, नाहीतर सगळे करड्या कपड्यात दिसतील. रॉमध्ये काढ, म्हणजे उजेड नंतर दुरुस्त करता येतो.

आता प्रामाणिकपणे थोडं माझ्याविरुद्ध. फोटोत माणसाला ‘असे उभे राहा’ सांगणं पापच आहे असं मी म्हणत नाही. माझं पोट त्यावर चालतं. मी लग्नाचे फोटो काढतो आणि दिवसातून दोनशे वेळा “इकडे बघा, हसा” म्हणतो. प्री-वेडिंगसाठी हिंजवडीतली जोडपी मुळशीच्या खाचरात नेतो, भाड्याच्या बैलगाडीत बसवतो, नवरीला नऊवारी, नवऱ्याला फेटा. पण ते त्यांनी सांगून, पैसे देऊन केलेलं नाटक आहे आणि बघणाऱ्यालाही ते माहीत असतं. मी मावशींना जे करायला लावलं ते खरं म्हणून भिंतीवर लावलं. आणि सर पूर्ण चुकीचे होते असंही नाही. परीक्षकासमोर गोंधळाचा फोटो ठेवलास तर मार्क कमी पडू शकतात, हे गृहीत धर. माझा सल्ला ऐकून नापास झालास तर मला शोधत येऊ नकोस. विचारून काढ, लहान मुलांचे आईबापांना विचारल्याशिवाय नको, आणि प्रिंट देतो म्हणालास तर दे.

मी म्हणालो होतो आणि दिली नव्हती. कॉलेज संपल्यावर, तीन वर्षांनी, सुतारदऱ्यात विचारत विचारत गेलो. वीस मिनिटांचा रस्ता. मावशींनी ओळखलं. ‘कष्ट’ची प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, “ह्यात आमच्या सासूबाई दिसतायत.” मुलीला हाक मारून दाखवली. मुलीनेही आजीच म्हटलं.

मग मी पिशवीतून दुसरी काढली, फोनवाली. ती मी स्वतःच्या पैशांनी रंगीत करून आणली होती. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारीण डोकावली. “ह्यो वैनींचा फोन. लई वेळा केला त्या दिवशी. आन् आठ दिवसांचे पैसे कापले त्या महिन्यात.” इरल्याची प्रिंट त्यांनी कपाटावर उलटी ठेवली. ही हातातच धरली होती.

“अशीच अजून एक काढून द्या,” म्हणाल्या. “एक वैनींना देते.”