कलासंस्थेच्या नव्या सचिवास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मंडळाचे सचिवपद स्वीकारल्यापासून कलासंस्थांच्या व्यवस्थापनावरील ऑनलाइन सत्रांना तू नियमाने बसतोस, हे तुझ्या पत्रात वाचून समाधान वाटले. अमळनेर, चोपडा किंवा शहाद्याच्या कार्यकर्त्याला अशा शिक्षणासाठी पूर्वी मुंबई-दिल्ली गाठावी लागे, आणि तेवढा प्रवासखर्च मंजूर करणारी संस्था खानदेशात विरळाच. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शासनाकडे किंवा नगरपालिकेकडे नेमके काय मागायचे आहे, हे ठरवल्याशिवाय ही सत्रे ऐकलीस, तर प्रमाणपत्रांची फाइल तेवढी जाड होईल, संस्थेची बाजू मात्र आहे तितकीच लंगडी राहील.

त्या पत्रात तू अमेरिकेत कलांची बाजू मांडणाऱ्या ‘अमेरिकन्स फॉर द आर्ट्स’ या संस्थेचा दाखला दिला आहेस. त्यांच्या पाहणीनुसार 2022 मध्ये तिकडच्या ना-नफा कलाक्षेत्राची आर्थिक उलाढाल 151.7 अब्ज डॉलर होती. असला आकडा आपल्या नगरपालिकेत सांगून कोणी अर्जावर सही करणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. कार्यक्रमाला आलेल्या प्रेक्षकांनाच त्यांनी विचारले की, तिकिटाव्यतिरिक्त तुम्ही आज किती खर्च केलात, आणि सरासरी निघाली माणशी 38.46 डॉलर. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पुढच्या प्रयोगाला प्रत्येक खुर्चीवर पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी ठेव: कोणत्या गावाहून आलात, कशाने आलात, पेट्रोल-रिक्षावर किती गेले, चहा-नाश्त्यावर किती. नाव विचारू नकोस, मोबाइल क्रमांक तर नाहीच, कारण तो दिसला की लोक चिठ्ठी घडी करून खिशात घालतात. मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करायला नटांना पाठवू नकोस. प्रेक्षक त्यांच्याशी नाटकाबद्दलच बोलत बसतात. एरंडोल-धरणगावहून मोटारसायकलवर आलेल्या माणसांनी आपल्या गावात किती पैसे खर्च केले, हे कागदावर आले की ‘नाटकावर कशाला पैसा घालवायचा’ या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर देता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्या तीन दिवसांत गावात किती पैसा फिरला याचा अंदाज तोंडी कोणीही सांगेल, पण अर्जाला जोडता येईल असा तक्ता तुझ्या फाइलमध्ये आहे का?

तिकडची बाकीची शिकवण मात्र पारखून घे. तिकडे संस्थेच्या संचालकांनी स्वतः देणग्या आणाव्यात अशी अपेक्षा असते. आपल्याकडे पुष्कळ विश्वस्त सहीपुरतेच भेटतात, हे कटू असले तरी खरे आहे. शिवाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी 1 वाजता सुरू होणारे सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री 10:30 ला आणि हिवाळ्यात 11:30 ला लागते, तेव्हा जागरण करण्यापेक्षा रेकॉर्डिंग पाहा आणि पाहताना खजिनदारांना शेजारी बसव. त्यातून काय करायचे ते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, एका ठरावाने लिही. ठराव सुचलाच नाही, तर ते सत्र आपल्या कामाचे नव्हते असे समज.

त्याआधी घरचे कायदे शिकून घे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कलांचा उल्लेख आहे, त्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीचे दार आपल्याला बंद नाही. फक्त 12ए म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर खात्याकडची संस्थेची नोंदणी, 80जी म्हणून ओळखली जाणारी देणगीदारांच्या करसवलतीची मान्यता आणि सीएसआर-1 ही सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी, ही कामे आधी उरकलेली हवीत.

माझ्या मते तुझ्या मंडळाने पहिली बाजू मांडावी ती वहीगायन या आपल्या खानदेशी लोककलेतील वृद्ध कलावंतांची. राज्य शासनाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंतांना एप्रिल 2024 पासून दरमहा 5,000 रुपये मानधन मिळते. पण त्यासाठी किमान 15 वर्षांच्या कलासेवेचा पुरावा लागतो, आणि आयुष्यभर डफ वाजवलेल्या शेतमजुराकडे कागद म्हणून काही नसते. असते ते यात्रेचे फाटके हँडबिल, गावच्या मंडळाने दिलेली सुपारीची पावती, एखाद्या लग्नाच्या अल्बममधला फोटो. डिजिटल नोंदणीबद्दल जे काही ऐकले आहेस ते इथे वापर. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर सरळ, सावली न पडता फोटो घे, फाइलला गाव आणि साल यांचे नाव दे, आणि साल माहीत नसेल तर त्या वर्षी साथीला कोण होते ते विचारून लिहून ठेव. मूळ कागद संस्थेत ठेवून घेऊ नकोस; तो त्याच भेटीत घरधन्याच्या हाती परत दे.

राहता राहिली वेळ. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी चालते, म्हणून मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलास तर हार-नारळ होईल आणि वृत्तपत्रात फोटो येईल, एवढेच. डिसेंबरमध्ये मुख्याधिकाऱ्यांना भेट. मागणी एकच असू दे, जसे की सरावासाठी नगरपालिकेच्या शाळेचे सभागृह संध्याकाळी 7 ते 9 नाममात्र भाड्याने मिळावे. निवेदन एका पानाचे, सोबत चिठ्ठ्यांचा तक्ता, आणि आवक क्रमांक व शिक्का घेतलेली प्रत आपल्याकडे.

चिठ्ठीचा मसुदा दिवाळीपूर्वी पाठव. प्रश्न मी पाहून देईन; बेरजा मात्र खजिनदारांकडून दोनदा तपासून घे.

तुझा स्नेहांकित