वाचकांचे प्रश्न : जर्मन पुढे न्यावी की जपानी नव्याने घ्यावी?

प्रश्न : मी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. आठवी ते दहावी जर्मन शिकले, दहावीला ९१ गुण मिळाले. त्यानंतर दोन वर्षे पुस्तक उघडलेले नाही. महाविद्यालयात जर्मनचे ए-१ व ए-२ आणि जपानीचा एन-५ (सर्वांत सुरुवातीची पातळी) असे वर्ग आहेत. मैत्रिणी जपानी घेत आहेत, तर पुन्हा ए-१ला बसल्यास वर्ष वाया जाईल, असे बाबांना वाटते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमचे ९१ गुण कष्टाचे आहेत, परंतु वर्ग ठरवताना त्यांचा आधार घेऊ नका. ए-१पासून सी-२पर्यंतच्या सहा पातळ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतील असून, किती वर्षे शिकलात यापेक्षा आज त्या भाषेत काय करू शकता, हे त्या मोजतात.

घरीच पाहा. मराठीत ते टेबल, ते दार आणि ती खिडकी. जर्मनमध्ये मात्र डेर टिश पुल्लिंगी, डी ट्यूर स्त्रीलिंगी आणि दास फेन्स्टर नपुंसकलिंगी. ‘मी टेबल विकत घेते’ म्हणताना ‘डेर’चे ‘डेन’ होते आणि बाकी दोन्ही तशीच राहतात, हे न अडखळता तोंडातून आले, तर व्याकरण टिकून आहे असे समजा. मग जर्मन शिकवणाऱ्या व तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरील ए-१चा विनामूल्य नमुना श्रवणभाग सोडवा. शाळेत लेखनावर भर असल्याने बहुतेकांचे घोडे इथेच अडते. तो सहज जमला तर ए-२ घ्या. अर्धाअधिक निसटला तर ए-१ला बसण्यात कमीपणा नाही. न कळणाऱ्या वर्गात मान खाली घालून बसण्यातच वर्ष खरे वाया जाते, हे बाबांना जरूर सांगा.

जपानी तुम्हाला परकी वाटणार नाही. ‘सोलापूरहून पुण्याला बसने जाते’ हे वाक्य ‘सोलापूर कारा पुणे ए बासु दे इकिमासु’ असे होते : हूनच्या जागी कारा, लाच्या जागी ए, नेच्या जागी दे आणि क्रियापद शेवटी, अगदी तुमच्या तेलुगूसारखेच. कष्ट लिपीचे आहेत. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे पाठ झाल्यावर कांजी ही चिनी मूळची चिन्हलिपी सुरू होते, आणि तिला रोजचा वेळ द्यावाच लागतो. शिवाय एन-५ ते एन-१ या परीक्षांत बोलण्याची चाचणी नसते, त्यामुळे संभाषणाचा सराव स्वतंत्रपणे करावा लागेल.

माझे मत जर्मनच्या बाजूने आहे, कारण तीन वर्षांचा पाया अजून उकरून काढता येण्याजोगा आहे. मैत्रिणींची सोबत हे भाषा बदलण्याचे कारण नव्हे. महाविद्यालयाने पातळी-चाचणी घेतली, तर आदल्या रात्री घोकंपट्टी करू नका, नाहीतर चुकीचा वर्ग मिळेल. पहिल्या पंधरवड्यात वर्ग जड वा अगदीच सोपा वाटला, तर बदल करता येईल का, हे प्रवेशाच्या वेळीच शिक्षकांना विचारून ठेवा.