सोळा वर्षांचा मुलगा ‘पिणार नाही’ असा शब्द देतो आणि मित्रांत बसला की पितो. हा खोटेपणा समजायचा का?

नाही, बहुतेकदा शब्द देताना तो खरंच बोलत असतो. मित्रांसमोर मात्र तो शब्द पाळणं त्या वयात फार जड जातं. मजेची ओढ लावणारी मेंदूतली यंत्रणा तेव्हा जोरात असते, लगाम घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात, गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र सोबत असताना जवळपास दुप्पट धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांत तसा फरक नव्हता. म्हणून शपथा घालण्यापेक्षा ‘न्यायला ये’ असा फोन आला तर त्या रात्री न रागावता जा. एकटाच किंवा दुःख विसरायला पीत असेल, तर मात्र वयाचं कारण पुरत नाही, समुपदेशकाला भेटाच.